भीमा कशासाठी रडला, ते आधी सांग

अगं, किती घाबरवलंस! रात्री साडेदहाला 'ताई, मला हे जमणार नाही, वर्ष सोडून देते' असा मेसेज आला की मी काय समजायचं? मला वाटलं, घरात काहीतरी झालं. मग खाली प्रश्नाचा फोटो दिसला: 'तुमच्या आवडीच्या कोणत्याही एका मराठी कथेच्या आशयसूत्राचे विश्लेषण करा. सुमारे १५०० शब्द.' एवढंच ना? वर्षबिर्ष काही सोडायचं नाही. मुलीचा डबा, पतसंस्थेची नोकरी, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा, हे सगळं सांभाळत तू मुक्त विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला पोचलीस. आता एका निबंधापुढे हात टेकतेस होय?

आणि कथा निवडलीस ती अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं'. बाई गं, निवडीला मी शंभरपैकी शंभर दिले. फोनवर मी विचारलं, हीच का घेतलीस, तर म्हणालीस, 'शेवट वाचला आणि जेवणच गेलं नाही मला. एवढा दांडगा गडी, लहान पोरासारखा रडतो.' ते वाक्य तू कुठेतरी लिहून ठेवलंयस का? नाही ना? मला वाटलंच. तू लिहून ठेवलंस ते, 'अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला.' त्याचं काय करायचं ते मी पुढे सांगते, पण निबंध तिथून सुरू करायचा नाही एवढं आत्ताच ठरवून टाक.

खरं सांगू का, 'आशयसूत्र' या शब्दाची तुला उगीच धास्ती वाटते. काउंटरवर कर्ज मागायला आलेला माणूस तोंडानं 'मुलीच्या शिक्षणासाठी' म्हणतो आणि त्याच्या मनात भलतंच असतं, ते तू खुर्चीतून न उठता ओळखतेस. कशावरून ओळखतेस? तो काय सांगतो, काय टाळतो, कुठे घाईनं बोलतो यावरून. कथेतही तेच करायचं. फक्त ओळखलंस कशावरून, ते कागदावर दाखवायचं. साहेबांना तू कारण देतेसच की नाही?

आता नीट ऐक. गाईड बंद कर. मैत्रिणीनं व्हॉट्सअॅपवर पाठवलेली ती पीडीएफ उघडूसुद्धा नकोस. ती वाचलीस की तिच्यातली वाक्यं डोक्यात घर करून बसतील आणि मग तुझं स्वतःचं काही सुचणार नाही. कथा दोनदा वाच. पहिल्यांदा नुसती वाच, पेन्सिल हातात घ्यायची नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. भात खाताना दाताखाली खडा आला की आपण कसं थांबतो आणि जिभेनं चाचपून बघतो, तसं दुसऱ्या वाचनात करायचं. जिथे टोचलं तिथे बारीक खूण. का टोचलं ते त्या वेळी कळलं नाही तरी चालेल.

त्याआधी कथानक एकदा सांगून घेते, कारण निबंधातही ते साधारण इतकंच यायला हवं. वारणेकाठच्या गावातला भीमा, पहिलवानासारखा दणकट. पोटासाठी मुंबईला येतो. तिथे बाकी सगळं आहे, पण काम मिळत नाही आणि डोक्यावर छप्पर मिळत नाही. शेवटी शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी खाणीत दगड फोडायचं काम लागतं. संसार मांडतो, आणि खाण बंद पडते. एकदा चितेच्या राखेत त्याला अंगठी सापडते आणि पोट भरायची नवी वाट दिसते: मसणवट्यातली राख चाळायची, पुढे पुढे पुरलेली मढीसुद्धा उकरायची. मिळेल ते सोनं विकून तो घर चालवतो. बायको कळवळून अडवते, तो ऐकत नाही. एका रात्री एका सावकाराचं मढं उकरायला जातो. तिथे कोल्ह्यांशी झुंज होते, मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि दोन बोटं कापून टाकावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते, खाण पुन्हा सुरू होणार.

झालं. दहा-बारा ओळी. यापेक्षा जास्त कथा सांगत बसलीस तर निबंधाची जागा ती खाऊन टाकेल. एम.ए.ला असताना एका कथेवर मी असाच लांबलचक निबंध लिहिला होता, अगदी रंगात येऊन, पात्रांच्या साड्यांच्या रंगासकट. सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, 'कथा मी वाचली आहे.' मला कितीतरी दिवस ते कौतुकच वाटत होतं गं! सरांनी कथा आधीच वाचलीय, म्हणजे माझा अभ्यास बरोबर चाललाय, असं मी आईलासुद्धा सांगितलं.

तर बघ, आता मुख्य गोष्ट. तू वहीत लिहिलंयस, 'या कथेचे आशयसूत्र गरिबी हे आहे.' गरिबी हा विषय झाला. बेकारी हाही विषयच. कथा कशाबद्दल आहे हे विषयातून कळतं, पण त्याबद्दल ती काय म्हणते ते शोधायचं असतं. आणि जे म्हणायचं ते पूर्ण वाक्यातच म्हणता येतं, एका शब्दात मावत नाही. तुझं वाक्य चालेल की नाही ते तपासायची माझी एक रीत आहे. ते मोठ्यानं वाचायचं आणि समोर नवरा बसलाय अशी कल्पना करायची. 'या कथेत गरिबीचे चित्रण आहे' असं म्हटलंस तर तो काय करेल? 'हं' म्हणेल आणि टीव्हीचा आवाज वाढवेल. पण 'भीमाला लोभी म्हणता येत नाही' असं म्हणून बघ. लगेच सरसावून बसेल: 'कसं म्हणता येत नाही? मढी उकरून सोनं काढतोय की तो!' भांडण लागलं ना, मग ते वाक्य घेऊन लिहायला बसायला हरकत नाही.

आणि हा नवऱ्याचा मुद्दा हलक्यात घेऊ नकोस हं. या कथेवर लिहिणाऱ्या बऱ्याच जणी शेवटी तिथेच येऊन पडतात: लोभाचे फळ वाईट. मेलेल्याच्या तोंडात हात घातला, बोटं गेली, देवानं शिक्षा केली. सुटसुटीत आहे, शाळेतल्या बोधकथेसारखं. मला तर ते वाचलं की राग येतो. पण तुझ्या निबंधात राग चालत नाही, पुरावा लागतो. म्हणून आपण असं करू, लोभाचं म्हणणं खरं आहे असं घटकाभर धरू आणि कथेतले खडे एकेक करून त्याच्यापुढे ठेवू. कुठला खडा त्यात बसत नाही ते बघू.

सुरुवातच घे. शेजारच्या गावातला नावाजलेला सावकार मेला, हे कळल्यावर भीमाला आनंद होतो. माणूस मेल्याचा आनंद! इथे कुणालाही टोचेल. लोभाच्या बाजूनं हा मोठा पुरावा आहे, तो लपवायचा नाही. पण पुढे वाच. हाच माणूस लेकीवर जीव टाकतो, नाबदावर. मेलेल्याबद्दल त्याला काही वाटत नाही आणि जिवंत लेकीसाठी जीव तुटतो. मग हा दगड काळजाचा आहे असं आपण कसं म्हणणार? म्हणजे पहिला खडा दोन्हीकडे बसतो. असू दे. वहीत तसंच लिही: दोन्हीकडे.

दुसरा खडा सोन्याचाच. आपल्याकडे माणूस गेला की तोंडात सोन्याचा कण, तुळशीपत्र घालतात, तुला माहीतच आहे. आता विचार कर, कुणाच्या तोंडात? ज्याच्या घरी सोनं आहे त्याच्या. गरिबाच्या राखेत भीमाला काय सापडणार? कथा सावकाराच्या मढ्याकडे जाते ती उगीच नाही. गावात ज्याच्याकडे पैसा साठतो, तोच मातीत जातानाही सोनं घेऊन जातो, आणि ज्याच्या हातात दगड फोडायची ताकद आहे त्याला ते मढ्याच्या जबड्यातून काढावं लागतं. ही मांडणी लोभाच्या बोधकथेत कशाला हवी? तिथे कुणाचंही मढं चाललं असतं.

तिसरा खडा भुतांचा. बायको घाबरते, स्मशान, भुतंखेतं, लोक काय म्हणतील. ती चारचौघींसारखीच बोलते, आणि मला विचारशील तर मीही तेच बोलले असते. भीमाचं उत्तर मात्र वेगळंच आहे. मसणातल्या भुतांना तो मोजतच नाही. त्याच्या मते खरी भुतं मुंबईत, घरांमधून राहतात. त्या जागेला पेन्सिलीची दुहेरी रेघ मार. ज्या शहरानं त्याला काम दिलं नाही, त्या शहराबद्दल तो बोलतोय. निवेदकही बघ, भीमाला पापी म्हणून झोडपत नाही, प्रवचन देत नाही.

मग कोल्हे. अगं, त्या झुंजीवर तर तुझं एक अख्खं पान व्हायला हवं. एकाच मढ्यावर दोघांचा डोळा: कोल्ह्यांना मांस हवंय, भीमाला सोनं. दोघांच्याही पोटाचाच प्रश्न. पहिलवानाची ताकद पूर्वी आखाड्यात लागली असेल, खाणीत तर लागलीच. आता ती खड्ड्यात, अंधारात, जनावरांशी लढायला लागतेय. त्या प्रसंगात भीमा घाबरट नाही, दुबळाही नाही. त्याची ताकद जराही कमी झालेली नाही, आणि खरी व्यथा तिथेच आहे बघ. ताकद होती तेवढीच आहे, ती कुठे लावायची ती जागा गेली.

आणि शेवटचा खडा, ज्यानं तुझं जेवण गेलं. बोटं कापली त्याच दिवशी खाण सुरू होण्याची बातमी का? आठवड्यानं आली असती तर? आधी आली असती तर? लेखकाच्या हातात होतं ना सगळं. मग स्वतःला विचार, भीमा कशासाठी रडला? लोभी माणूस असता तर हातचं सोनं गेलं म्हणून रडला असता. दुखतंय म्हणून रडणारा तर तो नव्हेच. तो रडतो डोंगर फोडणारी बोटं गेली म्हणून. काम आलं आणि हात गेला. लोभाचं सगळं म्हणणं या एका खड्यावर अडतं गं. आता नवऱ्याला सांग, आण तुझा पुरावा.

हे सगळं वहीत उतरवलंस की वाक्य आपोआप घट्ट होत जातं. पहिल्या दिवशी 'या कथेत गरिबी आहे' असं होतं. मग 'बेकारी माणसाला वाईट मार्गाला लावते' होईल. ते पहिल्यापेक्षा बरं, पण त्यात कोल्हे बसत नाहीत, सावकार बसत नाही, आणि 'वाईट मार्ग' म्हटलं की आपण परत बोधकथेच्या दारात. आणखी एकदा घासून बघ. मी लिहिलं असतं तर साधारण असं: 'ज्या व्यवस्थेला श्रमिकाच्या हातांची गरज तिच्या सोयीनं लागते, ती व्यवस्था त्याला मधल्या काळात जगण्यासाठी अशा ठिकाणी ढकलते, जिथे तो ते हातच गमावून बसतो.' जरा लांब झालंय, मान्य. तू कापून लहान कर. पण माझंच उचलू नकोस हं! तुझ्या शब्दांत येऊ दे, तू रोज जसं बोलतेस तसं.

आता यात एक गोम आहे, ती आधीच सांगते. मधल्या काळात भीमाला या धंद्याची सवय लागते. बायको हात जोडते तरी तो थांबत नाही. परीक्षक हे बोट ठेवून विचारणारच. म्हणून तूच आधी लिही: 'येथे भीमा हटवादी वाटतो.' आणि पुढे त्याला उत्तर दे. सवय का लागते? दुसरं काम दिसत नाही म्हणून. काम दिसल्याबरोबर तो कशासाठी रडतो? विरुद्ध पुरावा स्वतः मांडून त्याचं उत्तर देणारा निबंध वाचताना परीक्षकाचा पेन जरा हळू चालतो, मी बघितलंय.

तू म्हणालीस तुला प्रेमचंदांची 'कफन' आठवली, घिसू आणि माधव, ती पण टाकू का? खरं सांगू का, आठवली हे फार छान. कफनाच्या पैशाची दारू पिणारे ते बापलेक आणि हा भीमा, दोन्हीकडे मेलेल्याच्या नावाचा पैसा आहे. पण फरक बघ किती कामाचा आहे: ते दोघे कामापासून पळतात, भीमा कामासाठी रडतो. ही एक तुलना तीन-चार ओळींत घाल, 'लोभ' खोडून काढायच्या परिच्छेदात ती बरोबर बसेल. 'कफन'चं कथानक मात्र सांगायला घ्यायचं नाही. आणि तिसरी कथा तर आणूच नकोस. ज्ञान दाखवायची हौस मला पण फार होती. त्या वेळच्या माझ्या निबंधांत दर परिच्छेदाला नवा लेखक यायचा आणि एकाचंही धड काही कळायचं नाही.

लेखकाच्या चरित्राचंही तसंच. जन्म वाटेगावचा, १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक, १९५९ ची 'फकिरा', १८ जुलै १९६९ ला निधन, हे सगळं तू सुवाच्य अक्षरात पानभर लिहिलंयस. ते पान फाडू नको, बाजूला ठेव. प्रत्येक माहितीला एकच प्रश्न विचार: ही कथा वाचायला तू मला काय मदत करतेस? निधनाची तारीख काहीच करत नाही, तिला जाऊ दे. ते वारणेच्या खोऱ्यातून मुंबईला आले आणि तिथे त्यांनी मिळेल ती कामं केली, ही माहिती भीमाच्या वाटेशी जुळते, एक वाक्य ठेव. आणि एक गोष्ट तू लिहिलीच नाहीयेस, जी सगळ्यांत कामाची आहे. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. त्या भाषणात त्यांनी सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली नाही, ती दलित आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोललेली आहे. आता भीमाची दोन बोटं आठव. अंगावर काटा आला की नाही? ज्या लेखकानं सगळं जग तळहातावर तोललेलं पाहिलं, तो या कथेत नेमका हातच का तोडतो, हे तुला दोन वाक्यांत लिहिता आलं तर बाकी चरित्र गेलं तरी चालेल. मात्र लेखक असं मानत होता म्हणून कथेचा अर्थ असा, असं उलटं लिहू नकोस. आधी कथेतून दाखव, भाषण त्याच्या मागून आण.

परिच्छेद कसे पाडायचे म्हणतेस. कथेच्या क्रमानं अजिबात नाही. क्रमानं लिहायला बसलीस की 'त्यानंतर', 'मग', 'पुढे' सुरू होतं आणि परत कथा सांगणं चालू. तुझ्या म्हणण्याच्या क्रमानं जा. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तुझं असलं पाहिजे, कथेचं नको. 'भीमा रात्री स्मशानात जातो' हे कथेचं वाक्य. 'कोल्ह्यांच्या झुंजीत भीमाची ताकद निरुपयोगी ठरत नाही, तर चुकीच्या जागी खर्च होते' हे तुझं. थांब, एक नमुना लिहूनच देते, म्हणजे डोळ्यांसमोर येईल:

'कोल्हे आणि भीमा यांची झुंज ही केवळ भयानक वातावरणासाठी आलेली नाही. एकाच प्रेतावर दोघे हक्क सांगतात आणि दोघांनाही तेथे भूकच घेऊन आली आहे. फरक इतकाच की कोल्ह्यांचे ते रोजचे जगणे आहे. भीमाचे रोजचे जगणे खाणीत होते. खाण बंद होताच त्याच्या वाट्याला जनावराची जागा येते. तो झुंज देतो, माघार घेत नाही, आणि म्हणूनच त्याचा पराभव अधिक झोंबतो; कारण जी ताकद त्याला येथे वाचवते, तिला खाणीत मागणी उरलेली नाही.'

बघ, यात कोल्हे किती वेळा चावले, अंधार किती होता, काही नाही. तरीही झुंज डोळ्यांपुढून जात नाही. आणि आणखी एक, यात 'विदारक' नाही. हो, तुझी वही चाळली तर 'विदारक वास्तव', 'दाहक अनुभव', 'मन हेलावून जाते', 'वाचकाला अंतर्मुख करते' आणि शेवटी 'लेखक यात यशस्वी झाले आहेत' यांची नुसती जत्रा भरलीय. हे शब्द वाईट नाहीत गं बिचारे, दमलेत. कुठल्याही कथेला लागतात म्हणून कुठल्याच कथेबद्दल काही सांगत नाहीत. असा शब्द आला की स्वतःला विचार: नेमकं काय विदारक? उत्तर आलं की ते लिही आणि विदारक खोड. आणि लेखक यशस्वी झाले की नाही याची चिंता आपण नको करायला, ते आपल्याशिवायच झालेत.

कथेतली वाक्यं उतरवताना मात्र काटेकोर राहा. जशी छापलीत तशीच. पात्रं बोलीत बोलतात ते 'शुद्ध' करायला जाऊ नकोस; तसं केलं तर भीमा पतसंस्थेच्या अर्जासारखा बोलायला लागेल. वाक्य लहान घे, पान क्रमांक लगेच शेजारी लिही (नंतर शोधू म्हणतेस आणि रात्री बारा वाजता पुस्तक उलटंपालटं करतेस, मी ओळखते तुला), आणि अवतरण संपलं की त्यातला कुठला शब्द तुला महत्त्वाचा वाटला ते सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

प्रस्तावना शेवटी लिहायची. हे ऐकून तू डोळे मोठे करशील, पण खरंच. काय म्हणायचंय तेच पक्कं नसताना पहिल्या ओळीशी झटापट करण्यात तुझी संध्याकाळ जाते आणि मग मला तसले मेसेज येतात. मधले परिच्छेद आधी लिहून काढ, कसेही, खोडाखोड करत, जुन्या डायरीच्या पाठकोऱ्या पानांवर. मग प्रस्तावनेत कथेचं नाव, लेखक, ते दहा-बारा ओळींचं कथानक आणि तुझं वाक्य. समारोपात तेच वाक्य परत लिहू नकोस. पुरावे मांडून झाल्यावर ते वाक्य आता किती पुढे गेलंय ते सांग; 'भीमाची बोटं' ऐवजी 'भीमासारख्यांचे हात' म्हणता येतंय का, ते बघ. नसेल येत तर तिथेच थांब, ओढूनताणून समाजाला संदेश द्यायचा नाही.

वेळेचं काय, तर तुझ्याकडे सलग दोन तास नाहीत आणि ते मिळायची वाट बघितलीस तर परीक्षाच येईल. पोळ्या लाटताना कोल्ह्यांचा विचार होतो गं, कुणाला कळतंय! सुचलं की फोनमध्ये स्वतःलाच बोलून ठेव. बसमध्ये खूण केलेली पानं वाच. लिहायला पहाटेचा अर्धा तास घे, नळाला पाणी यायच्या आधीचा. त्या वेळी घरातलं कुणी 'माझा टॉवेल कुठाय' विचारत नाही. रोज एक परिच्छेद म्हटलास तरी आठवडा-दहा दिवसांत संपेल. शब्द मोजत बसू नकोस. पाच खडे नीट उलगडलेस तर १५०० शब्द कमी पडतील, मग मला परत फोन करशील, 'ताई, काय कापू?' तेव्हाचं तेव्हा बघू. बहुतेक चरित्रच कापायला सांगेन.

आणि सगळं झाल्यावर एकदा मोठ्यानं वाच, लेकीसमोर वाचलंस तर उत्तमच. ती कंटाळून जिथे खिडकीबाहेर बघायला लागेल, तिथे नक्की तू पुन्हा कथा सांगायला लागलेली असशील. मुखपृष्ठावर नाव, पीआरएन, विषयाचा कोड हे आत्ताच भरून टाक, म्हणजे शेवटच्या रात्री कुठला तरी नंबर सापडत नाही म्हणून रडारड नको.

आता असं कर. 'भीमा कशासाठी रडला' याचं उत्तर तुझ्या शब्दांत चार ओळींत लिही आणि उद्या दुपारच्या सुट्टीत मला पाठव. फोटो काढताना जरा उजेडात काढ गं, मागच्या वेळी मला निम्मी वही दिसली आणि निम्मा तुझा अंगठा. आणि त्या खाली 'ताई, हे चुकलं असेल बहुतेक' असं लिहिलंस तर मी उत्तरच देणार नाही.